टोल झाला म्हंजे दार उघडं

“अंगठा कायले पाह्यजे, सर? किल्ली तं मीच तुमाले देऊन राह्यली,” गिरजाबाई म्हणाली.

“नियम आहे,” मी म्हणालो. “खोली ताब्यात घेतली की कागद करावा लागतो.”

असा काही नियम नव्हता. पण त्या काळात मी सगळ्याच गोष्टींचा कागद करत असे. तीन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत एका आंधळ्या म्हाताऱ्याबरोबर त्याच्या नातवाला मी आत सोडलं होतं आणि त्याचा एक फॉर्म भरायचा राहिला होता. तेवढ्यासाठी माझ्या सेवापुस्तकात लाल शाईची एक ओळ पडली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकून पीत होतो.

गिरजाबाईने अंगठा उठवला आणि तो मागे पदराला पुसला. त्याच पदराच्या टोकाला नऊ वर्षं ती किल्ली बांधलेली होती. पन्नाशीची, काटकुळी बाई. नवरा केव्हाच वारलेला. सावळदऱ्याच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची, खोल्या झाडायची, आणि शाळेचा टोल द्यायची. टोल म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आणि त्यावर हाणायचा लोखंडी दांडा.

यवतमाळकडच्या डोंगरपट्ट्यातलं हे गाव. एप्रिल संपत आलेला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचं मतदान, आणि मी तिथला केंद्राध्यक्ष. एरवी मी तालुक्याच्या हायस्कुलात गणित शिकवत असे. माझ्या हाताखाली तीन मतदान अधिकारी, एक शिपाई आणि बंदोबस्ताला जुनघरे नावाचा पोलीस. एसटीने आम्हाला साडेतीनला उतरवून दिलं होतं. शाळेला दोनच खोल्या. एकीवर टिनं, दुसरीवर स्लॅब. अख्ख्या गावात स्लॅबचं छप्पर तेवढं एकच, म्हणून मशीन तिथे ठेवलं.

“सर, एक सांगू का?” गिरजाबाई दारात थांबली होती.

“सांगा.” मी मशीनच्या सीलच्या पट्ट्या मोजत होतो.

“वावधन उठलं म्हंजे मी टोल देते अन् ही खोली उघडते. सारं गाव इथं येऊन बसते. टोल झाला म्हंजे दार उघडं, असं हाये आमच्या गावात. लहान लेकरू बी अंधारात बराबर इथं पोचते. आज किल्ली तुमच्यापाशी. उघडसान ना?”

तिकडे वादळाला वावधन म्हणतात. मला ठाऊक होतं, मी त्याच जिल्ह्यातला.

“हो हो, उघडतो,” मी म्हणालो. मान वर केली नाही. एक पट्टी कमी भरत होती.

रात्री तिनेच आम्हाला झुणका-भाकर करून आणली, सोबत मिरचीचा ठेचा. ताटं उचलताना तिने पश्चिमेकडे पाहिलं. “आभाय बरोबर दिसत नाही. वारं पडलं हाये पाहा कसं.”

“तुमचं आभाळ तुम्ही सांभाळा, आजी,” राऊत म्हणाला. राऊत हा माझा पहिला मतदान अधिकारी. आरोग्य खात्यात कारकून, तोंडाचा पट्टा अखंड चालू. “आमाले उद्या सातशे लोकांच्या बोटाले शाई लावाची हाये.”

ती हसली आणि गेली. घर तिचं शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं.

मी किती थकलो होतो ते सांगायला हवं. पहाटे चारला उठलो होतो. साहित्यवाटपाच्या मांडवात पाच तास उन्हात रांग, मग यादीतलं सामान ताडून घेणं, मग एसटीत गुडघ्यावर मशीन घेऊन सव्वादोन तास. त्याआधीचे चार दिवस प्रशिक्षण. घरी बायकोचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते, तिच्याजवळ सासूबाईंना ठेवून आलो होतो. अंग बाकावर टेकलं की डोळे मिटावेत एवढीच इच्छा होती. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतो आहे.

वीज सातलाच गेली होती. टेबलावर कंदील बारीक करून ठेवला, दाराला आतून कडी घातली, दोन-दोन बाक जोडून सगळे आडवे झालो. व्हरांड्याकडे एकच खिडकी, गजांची. तिची एक झडप लागत नव्हती. नऊच्या सुमाराला थोडा वारा सुटला, चार थेंब पडले आणि सगळं थांबलं. त्यानंतर जो उकाडा सुरू झाला तो सहन होईना. जुनघरे बनियनवर बसून तंबाखू मळत राहिला.

राऊतने मला हलवून उठवलं तेव्हा फळ्याच्या वर, भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

“सर, उठा. लोक आले.”

“कोण लोक?”

“सारं गाव.”

दार धडधडत होतं. बाहेरून माणसं थापा मारत होती की वारा, ते कळेना. आवाजच इतका होता की राऊतला माझ्या कानाशी येऊन बोलावं लागत होतं. वीज चमकली तेव्हा खिडकीच्या गजांपलीकडे व्हरांडा माणसांनी भरलेला दिसला. डोक्यावर घोंगड्या, पोती, कडेवर मुलं. सगळ्यांच्या पुढे गिरजाबाई.

“सर, टोल झाला,” ती ओरडली. “उघडा!”

मी दाराकडे गेलो. जुनघरे मध्ये आला.

“सर, इचार करा. पन्नास-साठ मानसं हायेत. त्यात कोन कोन्या पार्टीचा हाये, तुमाले माहीत हाये का? रातच्या अकराले मशीनच्या खोलीत गाव घेतलं असं उद्या कोनं सांगतलं तं मी बी घरी अन् तुमी बी घरी.”

तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती.

मी खिडकीशी गेलो. “बाई, शेजारची खोली उघडी आहे. तिकडे बसवा सगळ्यांना.”

“तिचे टिनं आताच उचलून राह्यले, सर! ते जातीन!”

“पाच मिनिटं थांबा. मी वर विचारतो.”

वर म्हणजे क्षेत्रीय अधिकारी. त्यांचा नंबर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होता. मी मोबाइल घेऊन खोलीभर फिरलो. रेंज नव्हती. बाकावर चढलो, टेबलावर चढलो, स्लॅबच्या कोपऱ्याशी मोबाइल धरून उभा राहिलो. बाहेर साठ माणसं भिजत होती आणि मी टेबलावर उभा राहून परवानगी शोधत होतो. राऊत खालून माझ्याकडे पाहत होता.

खाली उतरलो तेव्हा मला एक युक्ती सुचली.

“यादी करा,” मी राऊतला म्हणालो. “नाव, वय, घर नंबर. एकेकाला नाव लिहून, सही घेऊन आत घेऊ. बायका-मुलं आधी. म्हणजे उद्या आपल्याजवळ कागद राहील.”

“आता?” राऊत म्हणाला.

“आता.”

आणि राऊतने यादी केली. खिडकीशी कंदील धरून, गजांतून ओरडून नावं विचारत. माणसांनीही ती सांगितली. हे मला अजून समजत नाही. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड उचलला नाही. साहेब लिहितो आहे म्हणजे काहीतरी होणार, असं समजून वाऱ्यात उभं राहून लोक आपलं वय आठवत होते. कोणाला नीट ऐकू येत नव्हतं, राऊत पुन्हा विचारत होता. कागद ओला झाला, त्याने दुसरा घेतला. सातवं नाव सीताराम. वय बासष्ट. गिरजाबाईचा थोरला दीर. उंच माणूस होता, खिडकीशी वाकून त्याने नाव सांगितलं आणि पुढच्याला जागा करून देण्यासाठी तो मागे सरकला. व्हरांड्याच्या कडेला.

अकरावं नाव लिहून होत होतं तेव्हा तो आवाज आला.

वारा आधीही होता. हे वेगळं होतं. गिरणी जवळ येत जावी तशी घरघर डोंगराकडून आली आणि कानात दडे बसले. खिडकीची झडप आत न येता बाहेर ओढली गेली आणि निघून गेली. मग डोक्यावर, खरं तर शेजारी, टिनं फाटल्याचा आवाज. टिनाची खोली आणि व्हरांडा दोन्ही एकदम उघडे झाले. माणसांचं ओरडणं मी ऐकलं नाही. तोंडं उघडी दिसत होती तेवढंच.

कडी मी काढली की राऊतने, हे मला नक्की सांगता येत नाही. मी काढली असं मानायला आवडतं. दार उघडलं आणि गाव आत आलं.

सीतारामला दोघांनी उचलून आणलं. टिनाचा पत्रा त्याच्या डोक्याला मागून लागला होता. आम्ही त्याला मशीनच्या टेबलाशेजारी बाकावर आडवं केलं. माझी चादर फाडून राऊतने डोकं बांधलं. आरोग्य खात्यातला असला तरी तो कारकून होता, त्याला तेवढंच येत होतं. जुनघरे बाहेर रस्ता पाहायला गेला आणि चिंब होऊन परत आला. “दोन झाडं आडवे हायेत, सर. पुलावर पानी हाये. बैलगाडी बी निंघत नाही.”

मोबाइलला तेव्हाही रेंज नव्हती. या वेळी मी टेबलावर चढलो नाही.

झडप गेलेल्या खिडकीतून पाऊस सरळ मशीनवर यायला लागला. कोणी न सांगता दोन बायकांनी आपल्या डोक्यावरच्या घोंगड्या काढून मशीनच्या पेट्यांवर टाकल्या आणि पेट्यांना पाठ लावून, भिंतीकडे तोंड करून बसल्या. पहाटेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. साठ माणसांपैकी एकाचाही हात मशीनला लागला नाही.

सीताराम मध्येमध्ये बोलत होता. एकदा पाणी मागितलं. एकदा तमाखू मागितली. जुनघरेने आपल्या पिशवीतली चिमूटभर त्याच्या ओठाखाली ठेवली. त्याची बायको अनुसया पायाशी बसली होती. गिरजाबाई उशाशी. दोघी जावा रात्रभर एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला वाटलं की दुःखामुळे. तीनच्या सुमाराला त्याचा श्वास मोठा व्हायला लागला आणि थोड्या वेळाने थांबला. अनुसयेने हंबरडा फोडला तेव्हा झोपलेली पोरं जागी होऊन रडायला लागली.

पहाटे मी बाहेर आलो. वादळाने गावातून एक पट्टाच कापून नेला होता, शाळेवरून निघून गावाच्या टोकाच्या पिंपळापर्यंत. त्या पट्ट्यातल्या वीसेक घरांवर काही उरलं नव्हतं. आणि पट्ट्याच्या बाहेर, दहा पावलांवर, एका अंगणात दोरीवरचं धोतर जिथल्या तिथे वाळत होतं. ते धोतर बघत मी बराच वेळ उभा राहिलो. उभ्या उभ्या झोप येत होती.

पोलीस पाटील डवरे माझ्याजवळ आले. पन्नाशीचे, समजूतदार गृहस्थ.

“सर, काय लिवता?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगा.”

“तुमी केंद्रावर मयत लिवलं तं पंचनामा. मंग प्रेत तालुक्याले जाईन. घरचे म्हन्तेत, फाडाफाडी नोको. मानूस तं गेलाच. आमी म्हन्तो, घरी गेला. म्हातारा मानूस, वावधनाचा धसका घेतला. तुमचं बी मतदान व्हईन.”

त्यांनी मला वाचवलं नव्हतं. त्यांनी एका बाईचा नवरा चिरफाडीतून वाचवला होता. मी मात्र त्या वाटेने आपली सुटका करून घेतली.

“बरं,” मी म्हणालो.

पाच वाजता ते त्याला घरी घेऊन गेले. गिरजाबाई मागे राहिली. तिने विहिरीवरून तीन बादल्या पाणी आणलं आणि खोली धुतली. बाकाखालचं धुतलं, पुन्हा धुतलं. सहाला उमेदवारांचे प्रतिनिधी आले, मशीन तपासलं, घोंगड्या बाजूला काढल्या तर पेट्या कोरड्या होत्या. सव्वासहाला क्षेत्रीय अधिकारी एका मोटारसायकलवर मागे बसून, चिखलाने माखून आले.

“धोटे सर, छप्पर गेलं वाटतं व्हरांड्याचं. मशीन?”

“मशीन ठीक आहे.”

“बाकी काही? अनुचित प्रकार?”

“निरंक,” मी म्हणालो.

“शाबास,” ते म्हणाले. त्यांना आणखी अकरा केंद्रं बघायची होती.

मतदान झालं. लोक आले, हेही मला समजत नाही. घरावर छप्पर नसलेले लोक रांगेत उभे राहिले. काहींची ओळखपत्रं पेटीसकट उडाली होती. रात्री जवळ बसलेली माणसं, त्यांना काय ओळखायचं? प्रतिनिधींनी होकार दिला, मी सोडलं. दुपारी दोनच्या सुमाराला स्मशानाकडे जाणारी माणसं खिडकीतून दिसली. तासाभराने त्यांतलीच काही रांगेत येऊन उभी राहिली. गिरजाबाई आली नाही. अनुसया आली नाही.

पाचला मी मशीन बंद केलं. दैनंदिनी भरायला घेतली. मतदान सुरू झाल्याची वेळ, दर दोन तासांचे आकडे, एकूण पुरुष, एकूण स्त्रिया. शेवटी एक रकाना असतो, मतदान केंद्रावर घडलेल्या घटनांचा. मी लिहिलं, निरंक. खाली सही.

तेव्हाच ती आली. अंघोळ केलेली, केस ओले. दारात उभी राहिली.

“किल्ली, सर.”

मी किल्ली काढून दिली. तिने ती घेतली, पण ती गेली नाही.

“एक कागद लिहून द्या.”

“कसला?”

“काल माहा अंगठा घेतला तसा. आता तुमी लिहा. लिहा, किल्ली चार वाजता तुमी घेतली. लिहा, वावधन उठलं तं दार उघडतो असं तुमी म्हनले. लिहा, टोल कितीले झाला अन् दार कितीले उघडलं. बाकी काई नोको.”

राऊत शाईच्या बाटल्या भरत होता, त्याचा हात थांबला. बाहेर आमची एसटी येऊन उभी राहिली होती. दिवसभरात कोणीतरी झाडं तोडून रस्ता मोकळा केला होता.

“बाई, कशाला हवंय हे?” मी म्हणालो. “तुमच्याच घरच्यांनी ठरवलं ना, की घरी गेले म्हणून?”

“सरकारले सांगाले घरी गेला,” गिरजाबाई म्हणाली. “गाव तं पाहून राह्यलं व्हतं. जाऊ म्हन्ते, तुह्यापाशी किल्ली नोती तं तू टोल देल्लाच कायले? टोल आयकून मानूस घरातून निंगाला. सर, त्याच्या घराचं एक कवेलू बी हाललं नाही. दोरीवर धोतर हाये त्याचं अजून.”

ते धोतर सकाळी मी पाहिलं होतं.

“नऊ वर्स टोल देल्ला मी,” ती म्हणाली. “एकदा बी बंद दारावर देल्ला नाही. आता गाव म्हन्ते, गिरजीनं बोलावून मारलं. उद्या वावधन आलं अन् मी टोल देल्ला, तं कोन येईन? कोनीच नाही येनार, सर. मानसं घरात मरतीन.”

ती रडत नव्हती. मला वाटलं होतं की नुकसानभरपाई मागेल, निदान शिव्या तरी देईल. त्याची माझी तयारी होती. या मागणीची नव्हती.

एसटीने हॉर्न दिला. जुनघरे बाहेरूनच म्हणाला, “सर, चला. सामान जमा कराले रांग असते.” मग खालच्या आवाजात, “असं काई लिवून देऊ नका. अंगाशी येईन.”

तो बरोबर बोलत होता. माझ्या दैनंदिनीत निरंक होतं. त्याच तारखेचा, त्याच सहीचा दुसरा कागद या गावात राहणार होता. तो कोणी तालुक्याला नेला असता तर लाल शाईच्या एका ओळीवर भागलं नसतं.

मी कागद घेतला आणि लिहायला लागलो. शौर्य नव्हतं त्यात. मी इतका दमलो होतो की नाही म्हणायलाही त्राण लागतं, ते उरलं नव्हतं. लिहिलं की शाळेच्या खोलीची किल्ली काल दुपारी चार वाजता मी गिरजाबाईंकडून घेतली. वादळ आल्यास दार उघडीन असं मी त्यांना सांगितलं होतं. त्या विश्वासावर त्यांनी रात्री अकरा वीसला टोल दिला. दार अकरा चाळीसला उघडलं. उशीर झाला तो माझ्यामुळे, त्यांच्यामुळे नाही.

शेवटचं वाक्य तिने सांगितलेलं नव्हतं. ते लिहिताना मला जरा बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

तिने कागद हातात घेतला, पाहिला आणि राऊतपुढे धरला. “वाचा बरं, दादा.”

राऊतने वाचलं. सावकाश, एकेक शब्द.

“अकरा वीस नाही,” ती म्हणाली. “अकरा दहा.”

“बाई, एवढ्या वादळात तुम्हाला वेळ कशी...”

“मले अक्षर येत नाही, सर. घड्याय येते. रोज टोल देते मी.” तिने खिडकीकडे बोट केलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. “एक फळी लागत नाही तिची. टोल देल्ला अन् इथून पाह्यलं. कंदील व्हता. अकरा दहा झाले व्हते. म्या तुमाले हाका मारल्या.”

“मी झोपेत होतो,” मी म्हणालो.

“तुमी जागे व्हते, सर. तुमचे डोये उघडे व्हते.”

मघाशी मी लिहिलं की राऊतने मला हलवून उठवलं. हलवलं हे खरं आहे. पण उठवायला मी झोपलो नव्हतो. पहिल्याच टोलाला मला जाग आली होती. टोल मोजलेसुद्धा, सवयीने. तिची पहिली हाक ऐकली, दुसरी ऐकली. घड्याळ माझ्या समोरच होतं. आता उठावं लागणार, आणि उठलो की ठरवावं लागणार, आणि ठरवलं की त्याला मी जबाबदार. त्यापेक्षा पडून राहू. राऊत उठेल, जुनघरे उठेल, कोणीतरी उठेल. वारा कमी होईल. दहा मिनिटं मी कंदिलाकडे बघत पडून राहिलो. वीज चमकली तेव्हा खिडकीत ती दिसली होती, आणि मी डोळे मिटले होते. मला वाटलं होतं की वेळेत मिटले.

राऊत माझ्याकडे पाहत होता. त्याला हे माहीत नव्हतं. एका खोलीत झोपलेल्या माणसालाही माहीत नव्हतं, आणि ही बाई रात्रीपासून ते जवळ बाळगून होती. ते मनात ठेवूनच तिने खोली धुतली होती.

मी कागद परत घेतला. वीस खोडून त्यावर दहा लिहिलं. सरकारी कागदावर खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते, नाहीतर ती धरत नाहीत. मी खोडलेल्या आकड्याशेजारी सही केली.

“शिक्का मारा,” ती म्हणाली.

केंद्राचा शिक्का अजून टेबलावरच होता. मारला.

तिने कागदाची घडी केली, किल्लीभोवती गुंडाळली, आणि पदराच्या टोकात दोन्ही मिळून घट्ट गाठ मारली. मग टेबलावरचा आमचा पाण्याचा तांब्या उचलला आणि चालती झाली. नमस्कार वगैरे केला नाही. माफी मागायला हवी होती, पण तिच्यासाठी ती कसल्या कामाची होती?

त्यानंतर अठरा वर्षं नोकरी केली. दर वेळी कार्यालयातून लिफाफा आला की तो कागद पोचला असं मला वाटायचं. पोचला नाही. निवृत्त झालो तेव्हा माझ्या सेवापुस्तकात लाल ओळ एकच होती, आंधळ्या म्हाताऱ्याची. निरोपाच्या सत्काराच्या दिवशी माझ्या चोख कामाबद्दल दोघे बोलले.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. आम्ही पेट्या घेऊन एसटीत बसलो. गाडी वळून पिंपळाजवळ आली असेल, तेवढ्यात मागून टोल पडला. एक, मग दुसरा, मग सारखे. वारा अजिबात नव्हता. आभाळ धुतल्यासारखं होतं. लोक आपापल्या उघड्या घरांतून बाहेर येऊन शाळेकडे बघत होते. आधी कोणीच हललं नाही. टोल चालूच राहिला. मग पोलीस पाटील डवरे धोतराचा सोगा सावरत निघाले, त्यांच्यामागे एक बाई, त्यांच्यामागे आणखी दोन. स्लॅबच्या खोलीचं दार इथूनही दिसत होतं. सताड उघडं होतं.

“कागद वाचाले बोलावून राह्यली,” राऊत म्हणाला. “सर, आता सारं गाव आयकीन.”

“ऐकू दे,” मी म्हणालो.